मान्यतेची वेळ

नव्या देशाला मान्यता कधी द्यायची, हा मोठा नाजूक प्रश्न असतो. १९७१ सालचं बांगलादेशाचं उदाहरण पाहा. तिथल्या हंगामी सरकारचा शपथविधी १७ एप्रिललाच झाला होता. सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले, मान्यतेची मागणी जोर धरू लागली. तरी भारत थांबला. घाई केली असती, तर शेजारी पाकिस्तानच्या घरात ढवळाढवळ केल्याचा ठपका आला असता. ३ डिसेंबरला पाकिस्तानी विमानांनी भारतावर हल्ला केला आणि चित्र पालटलं. ६ डिसेंबरला इंदिरा गांधींनी लोकसभेत मान्यता जाहीर केली. सभागृहात जल्लोष झाला. ढाक्याकडे निघालेलं आपलं सैन्य आता एका स्वतंत्र देशाचं मित्रसैन्य ठरलं. दहा दिवसांत ढाका मुक्त झालं. पाकिस्ताननं मान्यता दिली, ती मात्र फेब्रुवारी १९७४मध्ये!