वाचा जाते म्हणजे नेमकं काय जातं?

(स्नेहमेळाव्याच्या सकाळच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेत असताना 'बडबड करू नकोस' हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकलं. आता लोकांना बोलतं करणं हाच माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. पक्षाघातानंतर किंवा डोक्याला मार लागल्यावर ज्यांची वाचा जाते, त्यांच्याबरोबर मी काम करते. या आजाराला अफेजिया म्हणजेच वाचाघात म्हणतात. बहुतेक माणसांत भाषेचा कारभार मेंदूच्या डाव्या बाजूला चालतो. तिथे इजा झाली की ओठ, जीभ, घसा ठीक असूनही शब्द सापडत नाहीत. पक्षाघात झालेल्या साधारण तिघांपैकी एकाला हा त्रास होतो. आपण सगळे आता साठीच्या आसपास आहोत, तेव्हा विषय परका समजू नका.

पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लेबोर्न्य नावाचा एक रुग्ण होता. तिशीत त्याची वाचा गेली. काहीही विचारलं तरी 'तां, तां' एवढंच म्हणायचा, म्हणून सगळे त्याला 'तां' याच नावाने ओळखत. १८६१ साली पॉल ब्रोका या शल्यचिकित्सकाने त्याला तपासलं. इथे किती वर्षं आहेस, असं विचारल्यावर त्याने एका हाताची पाच बोटं चार वेळा उघडून दाखवली आणि वर एक बोट. एकवीस. उत्तर बरोबर होतं. काही दिवसांतच तो गेला. त्याच्या मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात बिघाड सापडला, आणि ब्रोकांचं नाव त्या भागाला कायमचं चिकटलं. पाठ्यपुस्तकं मेंदूचा नकाशा दाखवून पुढे जातात. मला मात्र ती एकवीस बोटं जास्त महत्त्वाची वाटतात. त्या माणसाला सगळा हिशेब ठाऊक होता.

याच्या उलटा प्रकार १८७४ साली कार्ल वेर्निके यांनी मांडला. त्यात माणूस भराभर बोलतो, पण बोलण्याचा अर्थ लागत नाही, आणि दुसऱ्याचं बोलणं त्याला नीट उमगत नाही. अशाला घरचे वेड लागलं समजतात. आमच्याकडे येण्याआधी काही जण देवऋषी करून आलेले असतात.

आता थोडं जवळचं सांगते. आपल्या कबड्डी संघाचा कप्तान समोर तिसऱ्या रांगेत बसला आहे. दोन वर्षांपूर्वी त्याला पक्षाघात झाला. तुझ्याविषयी बोलू का, असं मी विचारलं, तेव्हा त्याने डाव्या हाताने माझ्या पाठीत धपाटा घातला. त्याची परवानगी अशीच असते. त्याला 'बे पंचे किती' विचारलं तर तो पाच बोटं दोनदा उघडतो, पण 'दहा' हा शब्द येत नाही. मी 'बे एके बे' अशी सुरुवात करून दिली की गाडी रुळावर येते आणि 'बे पंचे दहा' ठणठणीत निघतं. पाढे, आरत्या, वारांची नावं आणि शिव्या, म्हणजे जे जे घोटलेलं किंवा तोंडात बसलेलं आहे, ते बऱ्याचदा शाबूत राहतं. ज्या शब्दांसाठी सरांनी त्याला बाकावर उभं केलं होतं ते सगळे आहेत, सर!

पण इथेच घरच्यांचा गैरसमज होतो. शिवी येते, मग पाणी का मागता येत नाही? नाटक करतात! नाटक नसतं. पाठ असलेलं आपोआप ओघळतं. नवं वाक्य मात्र जुळवावं लागतं, आणि जुळवणारी जागाच दुखावलेली असते. चालीचा आधार घेऊन रोजच्या गरजेच्या वाक्यांपर्यंत पोहोचायची एक पद्धत १९७३ साली बॉस्टनमध्ये अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म यांनी मांडली. नुसती भजनं म्हणून घेणं म्हणजे उपचार नव्हे, हेही सांगून ठेवते.

कालपासून बरेच जण आपल्या कप्तानाची चौकशी त्याच्या बायकोकडे करताहेत. त्याच्याकडेच करा. मोठ्याने बोलू नका, तो बहिरा नाही. एका वेळी एकच गोष्ट विचारा, 'हो-नाही'त उत्तर देता येईल अशी, आणि मग थांबा. दहा सेकंदांची शांतता फार मोठी वाटते, तरी शब्द पुरवायची घाई करू नका. कागद-पेन जवळ ठेवा. एका बँकेत त्याच्या देखत 'यांना समजतं का?' असं तिसऱ्यालाच विचारलं गेलं. तो चिडला, आणि चिडला म्हणून 'समजत नाही' असंच ठरलं. वहिनींना तिथे तासभर भांडावं लागलं.

दोन गोष्टी वैद्यकीय. एखाद्याचं बोलणं अचानक अडखळलं किंवा असंबद्ध झालं, तर झोप काढल्यावर बरं वाटेल म्हणू नका. गुठळी विरघळवणारं औषध सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं. आणि 'सहा महिन्यांनी काही सुधारत नाही' यावर विश्वास ठेवू नका. सुरुवातीचा वेग जास्त असतो हे खरं, पण जर्मनीत पुल्व्हरम्युलर आणि सहकाऱ्यांनी २००१ साली दाखवलं की वाचाघात जुना झालेल्या रुग्णांनाही रोज तीन तास, दहा दिवस असा दाट सराव दिल्यावर फरक पडतो. आपल्याकडे आठवड्यातून एकदा अर्धा तास मिळाला तरी नशीब.

शेवटी एक मागणं. शब्द सापडतात का हे तपासायला बॉस्टनची साठ चित्रांची चाचणी जगभर वापरतात. तिच्यात इग्लू आहे, बीव्हर आहे, प्रेट्झेल आहे. आमच्या आजीबाईंनी ओळखायचं काय? म्हणून मी घरगुती वस्तूंची चित्रं जमवते आहे. पण अडचण नावांची. उलथनं म्हणणारं घर वेगळं, कालथा म्हणणारं वेगळं. कुणाची सांडशी, कुणाची पक्कड, कुणाची गावी. घरातला शब्द बरोबर सांगणाऱ्याला मी चूक कशी देऊ? दाराजवळच्या टेबलावर चित्रं आणि एक वही ठेवली आहे. प्रत्येक चित्रासमोर तुमच्या घरात म्हणतात ते नाव आणि गावाचं नाव लिहा. प्रमाण मराठी नको. बाई, तुम्ही आज तेवढं तपासू नका.