जाळी कोणत्या वाटेने?

चाकणच्या कारखान्यांतून मोटारींचे जे बंपर बाहेर पडतात ते बहुधा पॉलिप्रॉपिलीन नामक द्रव्याचे ओतलेले असतात. त्याच द्रव्याच्या बारीक तंतूंची विणलेली जाळी शल्यवैद्य मनुष्याच्या देहात बसवितात, हे आपल्या पिंपरी-चिंचवडच्या कामगारवस्तीतही फारसे कोणास ठाऊक नसते. हर्नियाच्या शस्त्रक्रियेत या जाळीने कित्येक दशके इमानाने चाकरी केली आहे. स्त्रियांच्या एका व्याधीत मात्र तिच्यावर जगभर फिर्यादी झाल्या, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

ही व्याधी आपल्या बाया ‘अंग बाहेर येतं’ एवढ्याच शब्दांत सांगतात, आणि तेही सांगितले तर. बाळंतपणे, उतारवय, जड ओझी, जुनाट खोकला यांनी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू व बंध सैलावतात, आणि गर्भाशय, मूत्राशय किंवा मलाशय योनिमार्गात उतरू लागते. डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन खेड्यांतील 650 स्त्रियांना तपासून 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये जो अहवाल छापला, त्यात शेकडा 92 जणींना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला होता, आणि पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शेकडा 8 होत्या. दुखणे अंगावर काढण्याची ही रीत शहरात येऊन सुटते, असे मला तरी वाटत नाही.

तरुण स्त्रीचे गर्भाशय न काढता ते वर टांगून ठेवावे, या विद्येत मुंबईच्या वैद्यांनी मोठे नाव मिळविले. डॉ. बी. एन. पुरंदरे यांनी पोटाच्या स्नायूंवरील आवरणाच्याच पट्ट्या गर्भाशयाच्या मानेच्या, म्हणजे ग्रीवेच्या, पुढील अंगास आणून जोडल्या. गोमंतकात जन्मलेल्या डॉ. वि. ना. शिरोडकरांनी ग्रीवेस मागून धरून माकडहाडाच्या वरील त्रिकास्थीशी बांधण्याची रीत बसविली. पुढे अशा शस्त्रक्रियांत पॉलिएस्टरची फीत रूढ झाली. म्हणजे कृत्रिम धागा आपणांस नवा नव्हे. पण तो पोटातून जात असे.

पुढे जाळी योनिमार्गातूनच बसविण्याची तयार सामग्री बाजारात आली. तिला अमेरिकेच्या सरकारी खात्याने मंजुरी दिली ती, आधी विकल्या जाणाऱ्या वस्तूशी ही समान आहे, एवढ्या दाखल्यावर. हर्निया आणि योनीचे पातळ, ओलसर, सदैव हलणारे आवरण यांतील भेद त्या दफ्तरात कोणी पाहिला नसावा! तेथे जाळी छेदाच्या लगतच राहते. काहींच्या बाबतीत ती आवरण कुरतडून बाहेर डोकावते, आकसते, वेदना देते, आणि तिच्या छिद्रांतून मांस वाढलेले असल्याने ती सबंध काढणे दुष्कर होते. 2008 आणि 2011 साली इशारे देऊन अखेर 16 एप्रिल 2019 रोजी त्याच खात्याने अशा जाळ्यांची विक्री थांबविण्याचा हुकूम काढला. ब्रिटनने 2018 च्या जुलैतच त्यांस लगाम घातला होता.

पोटातून, दुर्बिणीने, त्रिकास्थीशी बसविलेली जाळी मात्र आजही योग्य रुग्णास दिली जाते; तिलाही धोके आहेत, परंतु कमी. शिवाय पुष्कळ जणींचे स्नायूंच्या व्यायामाने, योनीत बसवावयाच्या रिंगेने अथवा स्वतःच्याच ऊतींच्या टाक्यांनी भागते. म्हणून यशवंतराव चव्हाण स्मृति रुग्णालयात जा की अन्यत्र, शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी एवढे विचारा: जाळी घालणार काय, कोणत्या वाटेने, आणि तिच्यावाचून चालेल काय? घातलीच, तर वेष्टनावरील नाव-क्रमांकाची चिकटपट्टी आपल्या डिस्चार्ज कार्डावर लावून घ्या. येथल्या कारखान्यात साध्या सुट्या भागालाही बॅच नंबर असतो, आणि माल परत बोलवावयाचा झाला की तोच प्रथम शोधतात.