पाऊस थांबल्यानंतरचा डोंगर

श्रोतेहो, रामटेकचा गड म्हणजे आपल्या पायाखालची वाट. आषाढातला ढग टेकडीवर आला की कालिदासाच्या यक्षाची आठवण काढणारे गुरुजी आपल्याकडे काही कमी नाहीत. आज मात्र त्या ढगातले पाणी डोंगराच्या पोटात शिरून काय करते, ते पाहू.

३० जुलै २०१४ च्या सकाळी पुणे जिल्ह्यातले माळीण गाव चिखलाखाली गेले. दीडशेहून अधिक माणसे दगावली. नेहमीची एस. टी. घेऊन आलेल्या चालकाला गावच दिसेना, तेव्हा बाहेर कळले! पुढे जुलै २०२१ मध्ये महाडजवळचे तळिये आणि जुलै २०२३ मध्ये खालापूरकडची इर्शाळवाडी. इर्शाळवाडीचे नाव तर दरडींच्या यादीतही नव्हते. तेव्हा यादीच्या भरवशावर निजू नये.

गुरुजी, वर्गात एक करून पाहा. किंचित ओल्या वाळूचा उभा ढीग पाटावर रचा. तो टिकतो. मग वरून हळूहळू तांब्याभर पाणी सोडा. तोच ढीग बसू लागतो, घसरतो. कणांमधल्या फटी पाण्याने भरल्या की कणांची एकमेकांवरची पकड सुटते, वजन मात्र वाढते. हिमालयात बर्फाचेही तसेच. भर हिवाळ्यात बर्फावर पाऊस पडला किंवा हवा अवचित तापली, की पाणी थरांत उतरते आणि उतारच्या उतार सुटून खाली येतो.

पाणी मुरायला वेळ लागतो. म्हणून पाऊस उघडला, ऊन पडले, की लगेच धोका टळला असे समजू नका. उतारावर नवी भेग दिसते का? झाड, खांब कलले का? दार एकाएकी अडू लागले, झरा गढूळ झाला, किंवा नवाच फुटला, तर समजावे. आपली टेकडी खडकाळ. इथे नजर ठेवायची ती सुट्या दगडांवर. मुलांची सहल सह्याद्रीत न्यायची असेल तर मात्र आधी गावच्या जाणत्यांना विचारावे, आणि घळीच्या तोंडाशी शिदोऱ्या सोडू नयेत. मुले नेमकी तिथेच बसतात, सावली असते ना!

माती हलताना दिसली तर खाली ओढ्याकडे धावू नका, बाजूला सरका. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा क्रमांक १०७७. इर्शाळवाडीची दरड रात्रीची होती. म्हणून डोंगरपायथ्याच्या घरांनी झडीच्या दिवसांत निजायला कुणाकडे जायचे, ते उजेडीच ठरवून ठेवावे.