चुलीपाशी शिकलेला धम्म
(विहाराच्या वर्धापनदिनी महिला मंडळाच्या वतीने केलेले भाषण)



आम्हाला बोलायला सांगितले तेव्हा प्रश्न पडला, आम्ही काय बोलणार? दरवर्षी मंचावर प्रवचन चालू असते, तेव्हा आम्ही मागच्या पत्र्याखाली चुलीपाशी असतो. वर्षावासात 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते, तेव्हाही आमचा एक कान ग्रंथाकडे आणि एक घरच्या कुकरच्या शिट्टीकडे. म्हणून आज चुलीवरच बोलायचे ठरवले.

जपानमध्ये बौद्ध धम्माची झेन नावाची शाखा आहे. नाव परके वाटते, पण शब्द आपलाच आहे. पालीतला 'झान', म्हणजे ध्यान, चीनमध्ये 'चान' झाला आणि जपानमध्ये 'झेन'. या परंपरेत दोगेन नावाचे थोर भिक्खू होऊन गेले (१२००–१२५३). धम्म शिकण्यासाठी १२२३ साली ते समुद्र ओलांडून चीनला गेले. जहाज बंदरात उभे असताना एकसष्ट वर्षांचे एक भिक्खू त्यावर आले. कशाला, तर अळंबी विकत घ्यायला! ते एका विहाराचे स्वयंपाकी होते. दुसऱ्या दिवशी सण होता, म्हणून बाजारासाठी लांबून पायी चालत आले होते. आणि त्यांच्या विहाराच्या डोंगराचे नाव काय? अशोक राजाचा डोंगर. आपल्या सम्राट अशोकाचे नाव कुठवर गेले होते, बघा.

दोगेन म्हणाले, आज इथेच मुक्काम करा. त्यांनी नकार दिला. उद्याचा स्वयंपाक त्यांच्याकडे होता. तेव्हा दोगेन यांनी विचारले की, या वयात ध्यान करायचे, ग्रंथ वाचायचे सोडून हा खटाटोप कशाला? म्हातारे भिक्खू मोठ्याने हसले. या तरुणाला साधना म्हणजे काय ते अजून कळलेलेच नाही, असे म्हणाले आणि उजेड आहे तोवर वाटेला लागले.

ते हसणे दोगेन जन्मभर विसरले नाहीत. १२३७ साली त्यांनी विहाराच्या स्वयंपाक्यासाठी 'तेंझो क्योकुन' नावाचा उपदेश लिहिला. तेंझो म्हणजे विहाराचा मुख्य स्वयंपाकी. हे काम नवख्याला द्यायचे नाही, साधनेत मुरलेल्यालाच द्यायचे, असा तिथला रिवाज. तांदूळ स्वतः निवडावा, खडा काढताना दाणा वाया जाऊ देऊ नये. भाजी साध्या पाल्याची असो की पक्वान्न असो, करणाऱ्याचे मन सारखेच असावे. आनंदाने, आईबापाच्या मायेने आणि मोठ्या मनाने रांधावे, असे ते सांगतात.

हे ऐकून आम्हाला आमच्या आयाबाया आठवल्या. पहिला पाऊस झाला की किनवटच्या माळावर तरोटा उगवतो. तो खुडून, निवडून, मूठभर डाळ घालून त्यांनी घर जगवले. ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी, त्यातही कोण उपाशी आहे हे आधी पाहिले. आम्ही मात्र शिकलो आणि पाहुणा आला की ती भाजी झाकून ठेवू लागलो. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातील आपल्या घरांचा स्वयंपाक नोंदवून ठेवला, तेव्हा कळले की लाजायचे कारण नव्हते. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मृत जनावराचे मांस सोडा म्हणून सांगितले, ते स्वाभिमानासाठी. गरिबाच्या पालेभाजीची लाज बाळगा, असे त्यांनी कधीच सांगितले नाही.

आता आमची चूक सांगतो. मागे एका वर्धापनदिनी मीठ कोणी घालायचे यावरून आमच्यात भांडण लागले. तोंडे चालू राहिली, जाळ तसाच राहिला आणि मोठ्या पातेल्यातला भात खालून करपला. लेकरे दुपारपर्यंत उपाशी बसली. बाहेर मैत्रीवर प्रवचन चालले होते आणि आत आम्ही एकमेकींशी बोलत नव्हतो! त्या दिवशी आम्हाला कळले की जाळाकडे लक्ष असणे हीसुद्धा सम्यक स्मृतीच आहे. तेव्हापासून विहारात चूल पेटवण्याआधी आम्ही दोन मिनिटे शांत बसतो. भांडण अजूनही होते, पण भात करपत नाही.

पण बंधूंनो, एक सावधगिरी. हे ऐकून कोणी म्हणेल, चूलच तुमची साधना, मग तुम्ही तिथेच बसा. तसे नाही. दोगेन यांच्या विहारातले स्वयंपाकी पुरुष होते, जाणते भिक्खू होते. काम पवित्र असेल तर ते सर्वांच्या वाट्याला यावे, समता ती हीच.

म्हणून आमची विहार समितीला नम्र विनंती आहे. पुढच्या वर्धापनदिनी तांदूळ निवडायला आणि भाकरी थापायला बंधूंनी बसावे. भाकर वाकडी झाली तरी आम्ही गोड मानून खाऊ. आणि आम्ही पहिल्या रांगेत बसून, दोन्ही कान देऊन प्रवचन ऐकू.

जय भीम! नमो बुद्धाय!