वजन म्हणजे फक्त भार नव्हे : नवोदयची तयारी आणि मुलांचे शब्द

आजचा भाग पाचवीतल्या मुलांच्या आई-बाबांसाठी. आणि ज्यांना गावाकडून "तू इंजिनिअर आहेस ना, मग पोरीचा अभ्यास घे" असा फोन येतो, त्या मामा-मावशांसाठीसुद्धा. मला तो ताईचा आला. भाची नवोदयची तयारी करतेय. घर रावेर तालुक्यात, केळीच्या पट्ट्यात. मी पुण्यात. त्यामुळे आमचा अभ्यास रात्री जेवणं झाल्यावर, व्हिडिओ कॉलवर.

आधी पेपर काय मागतो ते बघू. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना रिक्वायरमेंट वाचल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जवाहर नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या निवड चाचणीत 80 प्रश्न, 100 गुण आणि दोन तास. त्यात बुद्धिमत्तेचे 40 प्रश्न, 50 गुणांचे, सगळे आकृत्यांचे. अंकगणिताचे 20 प्रश्न, 25 गुण. भाषेचे 20, 25 गुण. भाषेत चार उतारे आणि प्रत्येकावर पाच प्रश्न. एका विद्यालयात जास्तीत जास्त 80 जागा, आणि ही परीक्षा एकदाच देता येते. निवड झाली तर शिक्षण, राहणं, जेवण मोफत. शेतकऱ्याच्या घरात याचा अर्थ काय होतो, ते वेगळं सांगायला नको.

भाचीच्या क्लासने एक जाड वही दिलीय. डावीकडे शब्द, उजवीकडे समानार्थी शब्द. पोरगी घडाघडा म्हणते. वजन म्हणजे भार, कर म्हणजे हात. मी तिला एक वाक्य दिलं : "आजीच्या शब्दाला गावात वजन होते." मग विचारलं, इथे वजन म्हणजे काय? पर्याय : भार, ओझे, मान, माप. तिने क्षणात 'भार' सांगितलं. वहीप्रमाणे बरोबरच! पण उताऱ्यात चूक. मराठीत असे शब्द पोत्याने आहेत. पान झाडाचं, पान पुस्तकाचं, पान जेवणाचं, आणि पान खायचंही. पाऊस लांबला म्हणजे उशिरा आला, सभा लांबली म्हणजे जास्त वेळ चालली. एका शब्दासमोर एकच अर्थ लिहिणारी वही इथे कामाला येत नाही.

हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्ये स्मरणशक्तीवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. तो स्वतःच निरर्थक अक्षरं पाठ करायचा आणि किती विसरतो ते मोजायचा. सुरुवातीला विसरणं फार झपाट्याने होतं, हे त्याला दिसलं. अर्थ नसलेलं पाठांतर मुद्दाम निवडलं होतं त्याने, प्रयोगासाठी. आपण मात्र दहा वर्षांच्या मुलांकडून जवळजवळ तेच करून घेतो, आणि त्याला शब्दसंग्रह म्हणतो.

मग आम्ही काय करतो? चपलांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे तीन कप्पे. नवा शब्द चिठ्ठीवर, मागे भाचीने स्वतः केलेलं वाक्य. पहिला कप्पा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने. जमलं की चिठ्ठी पुढे, अडलं की परत पहिल्यात. ॲप करणं मला सोपं होतं, पण दाजींचा फोन दिवसभर शेतात असतो.

आता एक गोष्ट जरा रागाने सांगते. समूहदर्शक शब्दांत भाचीने केळ्यांची 'फणी' लिहिलं, तर क्लासमध्ये लाल रेघ. उत्तर हवं होतं 'घड'. अहो, घडात फण्या असतात, हे त्या पोरीला वही छापणाऱ्यापेक्षा चांगलं माहीत आहे! त्यानंतर ती घरचे शब्द बोलायला बिचकायला लागली. हे नुकसान मला गुणांपेक्षा मोठं वाटतं. म्हणून आमच्या खोक्यात घरचा शब्द आधी येतो. पाणवठा, पाणथळ तिला येतातच. त्यांना जोडून जलाशय, जलचर. ओसाड येतं, त्याला जोडून निर्जन. मग 'निर्' कळला की निर्धन, निर्भय फुकट मिळतात.

आणि गणित. इथे बहुतेक घरांचं लक्षच जात नाही. "तीन मुलांना मिळून 12 वह्या दिल्या" आणि "तीन मुलांना प्रत्येकी 12 वह्या दिल्या". पहिल्यात वह्या 12, दुसऱ्यात 36. गुणाकार येऊन उपयोग काय, 'प्रत्येकी' कळला नाही तर? उर्वरित, अनुक्रमे, क्रमागत, लगतच्या, किमान, मुद्दल, शेकडा. "लगतच्या दोन सम संख्यांची बेरीज 26" हे गणित भाची करू शकत नव्हती. मी म्हटलं, लगत म्हणजे बांधाला बांध लागून. लगेच उत्तर आलं, 12 आणि 14. हे शब्द भाषेच्या वहीत नाहीत, गणिताच्या वहीतही नाहीत. ते आता आमच्या पहिल्या कप्प्यात आहेत.

रोज एक उतारा मोठ्याने वाचायचा, हे काम ताईने घेतलंय. भाकरी थापता थापता ऐकते आणि मध्येच "म्हणजे काय गं?" विचारते. कधी कधी तिला खरंच माहीत नसतं.

पुढच्या भागात आकृत्यांचे प्रश्न घेऊ. तोवर तुमच्याकडे केळीच्या फणीला काय म्हणतात, ते मला नक्की कळवा. भाची यादी करतेय.