खात्यातील पैसा आणि आपला हक्क



आपल्या वाडवडिलांनी पै-पै जोडून संसार उभे केले. त्यांची पुंजी पेटीत असे. आपली बँकेत असते, आणि तिची किल्ली म्हणजे डेबिट कार्ड. आपण न केलेला खर्च खात्यातून वजा झाला तर काय करावे, एवढाच विचार आम्ही आज आपणांपुढे मांडीत आहोत.

अशा प्रसंगी पुष्कळ घरांतून मौन पाळले जाते. मुले रागावतील, चारचौघांत हसे होईल, या भयाने वडील मंडळी आठ-आठ दिवस बोलत नाहीत. परंतु हेच दिवस सर्वांत मोलाचे होत.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी परिपत्रक काढून याविषयी नियम घालून दिले. त्याच वर्षी डिसेंबरात सहकारी बँकांसाठीही तसेच नियम केले. चूक बँकेची असल्यास खातेदारास तोशीस नाही. दोष बँकेचा नाही व खातेदाराचाही नाही, अशा प्रकारात बँकेची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या ३ दिवसांत कळविणाऱ्यास भुर्दंड नाही. ४ ते ७ दिवसांत कळविल्यास सामान्य बचत खातेदाराचे दायित्व फार तर १०,००० रुपये. तक्रारीनंतर कामकाजाच्या १० दिवसांत रक्कम तात्पुरती जमा दाखवावी, ९० दिवसांत निकाल लावावा, आणि दोष खातेदाराचा होता हे सिद्ध करण्याचा भार बँकेनेच वाहावा, असेही त्यात ठरले.

ज्याने गुप्त क्रमांक वा ओटीपी स्वतः दुसऱ्यास सांगितला, त्याचे काय? कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे, कळविल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे ज्याची चूक झाली, त्यानेही तत्काळ बोलण्यातच हित आहे.

म्हणून प्रथम कार्ड बंद करवावे, तक्रारीचा क्रमांक व वेळ टिपून ठेवावी, लेखी अर्जाची पोच घ्यावी. फसवणूक असल्यास १९३० या क्रमांकावरही कळवावे. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही, अथवा तक्रार फेटाळली, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. नियम वेळोवेळी सुधारले जातात. यास्तव चालू मुदती आपल्या बँकेत आजच विचारून ठेवाव्यात.

तरुणांस आमची एकच विनंती आहे. घरातील वडील माणसाने असे काही सांगितले, तर आधी बँकेस कळवा. दोष कोणाचा, हे मागाहून पाहू. हक्क कायद्याने दिला आहे. तो वेळेत मागण्याचे धैर्य घराने द्यावयाचे आहे.