मातीतील अदृश्य सोबती
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आम्ही सारा जन्म शिक्षकी पेशात घालविला. वर्गात ‘बुरशी म्हणजे नासाडी’ एवढेच शिकविले आणि शाळेच्या आवारातील पालापाचोळा मुलांकडून गोळा करवून जाळविला. ते शिक्षण अपुरे होते, हे निवृत्तीनंतरच्या वाचनाने आम्हांस कळले. ती चूक आपणांसमोर दुरुस्त करावी, एवढाच आजचा हेतू.

बुरशी आणि भूछत्रे ही एकाच कवककुळातील. भूछत्र हे केवळ फळ. खरे कवक मातीत तंतुरूपाने पसरलेले असते. कित्येक कवके झाडांच्या मुळांशी संसार थाटतात. ह्या सहवासाला १८८५ साली फ्रांक ह्या जर्मन शास्त्रज्ञाने ‘मायकोऱ्हायझा’, म्हणजे कवकमूळ, असे नाव दिले. केसाहून बारीक तंतू दूरच्या मातीतून पाणी, स्फुरद व नत्र आणून झाडास देतात. झाड त्यांना पानांत तयार झालेली साखर देते.

ह्या संसारावर युरोपात घाला आला तो आकाशातून. कोळशाच्या धुरातील गंधक पावसात मिसळून आम्ल झाले. असे आम्ल मातीत मुरले की चुना व मॅग्नेशियम वाहून जातात, बंदिस्त ॲल्युमिनियम मोकळे होऊन कोवळ्या मुळांना अपाय करते आणि गांडुळेही कमी होतात.

दुसरा घाला अधिक नवलाचा. नेदरलँड्समध्ये गुराडुकरांच्या शेणामुतातून उठणारा अमोनिया वाऱ्याबरोबर रानांवर जाऊन पडतो. अमोनिया म्हणजे नत्र, म्हणजे खतच! मग अपाय कसा? नत्र आयते मिळू लागले की झाड कवकाला साखर देताना हात आखडते. सोबती उपाशी पडतो. तेथील शांतरेल नावाची पिवळी, रुचकर भूछत्रे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विरळ झाली, त्याचे हे एक मोठे कारण. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात युरोपातील २० देशांतल्या १३७ वनस्थळांची मुळे तपासली गेली. हेक्टरी वर्षास पाच-सहा किलो नत्र पडले तरी कवकांच्या जाती बदलू लागतात, असे त्यातून दिसले.

१९७९ साली जिनिव्हा येथे राष्ट्रांनी हवेच्या प्रदूषणाविषयी करार केला. पुढे युरोपात गंधकाचा धूर पुष्कळ घटला. परंतु वाहून गेलेला चुना मातीला लवकर परत मिळत नाही, आणि अमोनियाला अद्याप पुरता आळा बसलेला नाही.

बंधुभगिनींनो, आपल्या मंडळाच्या शिष्यवृत्तीवर शिकलेली कित्येक मुले आज सुस्थितीत आहेत. आयते मिळू लागले म्हणून जुना सोबती तोडणारे झाड पुढे पाण्याला आणि स्फुरदाला मुकते, हे त्यांनी ध्यानी धरावे. आणि अंगणातला पाला जाळू नये. तो मातीतील जिवांचा घास आहे, आणि त्याचा धूर शेवटी कोणत्या तरी मातीवरच उतरतो.